कुशल माणसं पाठवाल, पण घडवणार कुठे?

महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केला. महाराष्ट्रातल्या १०,००० कुशल तरुणांना तिथे काम मिळवून द्यायचं आणि त्यासाठी त्यांना इथेच जर्मन भाषा शिकवायची, असं त्याचं स्वरूप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. जपानशी २०१७ आणि २०२१ मध्ये, इस्रायलशी २०२३ मध्ये आपण कामगार पाठवण्याचे करार करून बसलो आहोत. प्रत्येक करारानंतर एकच वाक्य ऐकू येतं: आंतरराष्ट्रीय सहकार्यामुळे आपलं व्यवसाय शिक्षण आता जागतिक दर्जाचं होणार.

या वाक्यात धोका आहे. तरुणांनी परदेशी जावं, चांगलं कमवावं, यात गैर काहीच नाही. पण माणसं पाठवणं आणि माणसं घडवण्याची व्यवस्था सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामाला मंत्री, मुदत आणि आकडा आहे. दुसऱ्या कामाला यातलं काहीच नाही. हे असंच चालू राहिलं तर आणखी दहा-पंधरा वर्षांनी पाठवण्याजोगी कुशल माणसं मिळणार नाहीत आणि इथले कारखाने चालवणारीही उरणार नाहीत. या धोक्याचा अंदाज मंत्रालयात बसून येत नाही. तो साकीनाक्यात येतो.

अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जिथे मिळतात, त्या नाक्याच्या चार-पाच किलोमीटरच्या परिसरात परदेशी सहकार्याचा मोठा इतिहास आहे. साकीविहार रस्त्याने पवईकडे निघालं की लार्सन अँड टुब्रोचं आवार लागतं. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनीअरांनी १९३८ मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली. पुढे पवई तलावाकाठी आयआयटी मुंबई आहे. ती १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली. विहार तलावाच्या रस्त्यावर १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी नीती (एनआयटीआयई) ही राष्ट्रीय संस्था निघाली, तिला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं साहाय्य होतं. म्हणजे या भागाला बाहेरच्या जगाची मदत नवी नाही. ती आली, रुजली आणि फळली.

आयआयटीच्या बाबतीत ती का रुजली, हे नीट पाहायला हवं. सोव्हिएत संघाने नुसती यंत्रं पाठवली नाहीत. ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ इथे येऊन राहिले. इथल्या अध्यापकांना तिथे जाऊन शिकता यावं म्हणून युनेस्कोने २७ शिष्यवृत्त्या दिल्या. यंत्र आलं, ते शिकवणारा आला आणि त्याची जागा पुढे घेईल असा इथला माणूस तयार झाला. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून परदेशी तज्ज्ञ परतल्यावरही संस्था थांबली नाही. सहकार्य यशस्वी झालं की नाही हे मोजायची कसोटी हीच: मदत करणारा निघून गेल्यावर शिकवणं चालू राहतं का?

ही कसोटी आपण उच्च शिक्षणात पाळली, हाताने काम करणाऱ्याच्या शिक्षणात पाळली नाही. उलट, जी संस्था कारखान्याच्या जवळ होती ती हळूहळू कारखान्यापासून दूर आणि पदवीच्या जवळ जात राहिली. १८८७ मध्ये मुंबईत व्हीजेटीआय निघाली ती गिरण्या आणि कारखान्यांना लागणारी तंत्रकुशल माणसं तयार करायला. आज ती अभियांत्रिकी पदव्यांची संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षणासाठी निघालेल्या ‘नीती’चं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. दोन्ही संस्थांनी देशाला खूप दिलं आहे, त्यांच्या गुणवत्तेबद्दल प्रश्न नाही. प्रश्न असा की त्या वर सरकल्या तेव्हा त्यांनी सोडलेली खालची जागा कोणी भरली?

ती साकीनाक्याच्या गाळ्यांनी भरली. खैरानी रोडवरून कोणत्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिरलं की पॉवर प्रेस, लेथ, बफिंग, पावडर कोटिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग, पॅकिंग असे गाळे एकाला एक लागून दिसतात. बहुतेक ठिकाणी माणसं पाच ते पंधरा. इथे प्रवेश परीक्षा नाही, अभ्यासक्रम नाही आणि प्रमाणपत्रही नाही. गावाकडच्या कोणा नातेवाइकाच्या ओळखीने मुलगा येतो आणि हेल्पर म्हणून लागतो. आधी झाडलोट, मग पत्र्याच्या पट्ट्या कापून देणं, मग प्रेसवर जॉब लावणं. तो ऑपरेटर कधी झाला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

प्रेसचंच काम जवळून पाहू. पंच आणि डाय यांच्यामध्ये किती फट ठेवायची हे पत्र्याच्या जाडीवर आणि धातूच्या जातीवर ठरतं. फट चुकली की कापलेल्या कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत धार, येते, डाय लवकर झिजते आणि मालाचा लॉट परत येतो. मुरलेला उस्ताद प्रेसच्या आवाजावरून फट बिघडल्याचं ओळखतो. बोटाने कड चाचपतो, डाय उतरवतो, घासून आणतो, खाली शिम घालून पुन्हा बसवतो. शेजारी उभा असलेला मुलगा हे सगळं पाहतो आणि वर्षा-दोन वर्षांत तोही करू लागतो. पण त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. व्हर्नियरवरचं माप तो सांगतो, टॉलरन्स म्हणजे काय ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पोलाद किती तापवून कशात विझवलं तर डाय टिकेल, हे त्याने पाहिलेलं असतं पण त्यामागचं कारण त्याला कळलेलं नसतं. म्हणून गाळ्यात वायरकट किंवा सीएनसीसारखं संगणकावर चालणारं यंत्र आलं की त्याचं दहा वर्षांचं कसब एकदम निरुपयोगी ठरतं. हात तयार असतो, पण नव्या यंत्रापर्यंत पोचवणारी पायरीच बांधलेली नसते.

देशभरचं चित्र याहून निराळं नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलं आहे, आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकले आहेत. म्हणजे व्यवसाय शिक्षणाचं खरं विद्यापीठ गाळ्यात, गॅरेजात आणि बांधकामावर चालतं. आपली धोरणं मात्र त्या ४.४ टक्क्यांसाठी लिहिली जातात आणि आपले परदेशी करार त्यातल्याही निवडक मुलांसाठी होतात.

कायदाही गाळ्याच्या दारापाशी थांबतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. साकीनाक्याचे बहुतेक गाळे या ऐच्छिक रकान्यात पडतात, आणि ज्याला बंधन नाही तो कागदपत्रांच्या भानगडीत पडत नाही. जर्मन नमुन्यावरून आपण आयटीआयमध्ये दुहेरी प्रशिक्षण पद्धती आणली. सहभागी उद्योगांसाठी तिच्यात सुरुवातीला कामगारसंख्या आणि उलाढालीच्या अटी होत्या. नमुना आणला, पण ज्या लहान उद्योगांवर तो नमुना मूळ देशात उभा आहे तेच इथे बाहेर राहिले.

जर्मनीत नेमकं काय घडतं? तिथला शिकाऊ थेट कारखान्याशी लेखी करार करतो. प्रशिक्षण साधारण दोन ते साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले तीन-चार दिवस तो कामावर शिकतो, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. त्याला दरमहा भत्ता मिळतो आणि २०२० पासून त्याची किमान पातळीही कायद्याने ठरली आहे. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने ही सगळी चौकट बांधलेली आहे आणि तिच्याखाली सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय येतात. अंतिम परीक्षा मालक घेत नाही, उद्योगांचं किंवा कारागिरांचं चेंबर घेतं. कारखान्यात शिकवणाऱ्यालाही आपण शिकवू शकतो हे सिद्ध करावं लागतं.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. जर्मनीतले बहुसंख्य शिकाऊ मोठ्या कंपन्यांत नसतात, लघु आणि मध्यम उद्योगांत असतात. पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या प्रकारची यंत्रं असू शकत नाहीत, म्हणून कारागिरांच्या चेंबर्सनी सामाईक प्रशिक्षण केंद्रं उभारली. लहान वर्कशॉपचा शिकाऊ काही आठवडे तिथे जातो आणि आपल्या मालकाकडे जे शिकता येत नाही ते शिकून येतो. साकीनाक्याला नेमकं हेच हवं आहे. आणि ज्या बाडेन-वुर्टेमबर्गशी आपण करार केला, ते राज्य अशा लहान कारखान्यांच्याच जोरावर जर्मनीचं यंत्रउद्योगाचं माहेरघर बनलं आहे. त्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनीशहर आहे. अर्ध्या शतकाहून जुनं नातं आणि हातात ताजा करार असताना आपण त्यांच्याकडे मागितलं काय? आपल्या मुलांसाठी नोकऱ्या. त्यांची सामाईक केंद्रं कशी चालतात, खर्च कोण उचलतं, परीक्षक कसे तयार होतात, हे आपण मागितलं नाही.

सहकार्याच्या नावाखाली फक्त मनुष्यबळाचा पुरवठा झाला की काय होतं, याचं उदाहरण जपानने दिलं आहे. १९९३ मध्ये त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना सुरू केली. विकसनशील देशांतल्या तरुणांनी जपानी कौशल्य शिकून मायदेशी न्यावं, हा तिचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात ती कामगारटंचाई भागवण्याचं साधन बनली. मालक बदलण्यावर निर्बंध, पिळवणूक, पळून जाणारे प्रशिक्षणार्थी अशा तक्रारी वर्षानुवर्षं वाढत गेल्या, आणि २०२४ मध्ये जपानी संसदेने ती योजना गुंडाळून २०२७ पर्यंत नवी व्यवस्था आणण्याचा कायदा केला. आपण त्या योजनेत २०१७ मध्ये सामील झालो होतो. ज्या चुकीची कबुली खुद्द यजमान देशाने दिली, तिच्यातून पाठवणाऱ्या देशाने काहीच शिकू नये, हे परवडणारं नाही.

आंतरराष्ट्रीय पैसा देशात आला तरी तो कुठे खर्च होतो हेही पाहावं लागेल. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला केंद्राचा वाटा ३०,००० कोटी, आणि त्याच्या निम्मी रक्कम विश्व बँक आणि आशियाई विकास बँक मिळून देणार आहेत. १,००० आयटीआयचं नूतनीकरण आणि पाच राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये उत्कृष्टता केंद्रं, असा आराखडा आहे. ती पाच ठिकाणं म्हणजे भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना. मुंबईतही अशी संस्था आहे. साकीनाक्यापासून फार लांब नसलेल्या चुनाभट्टीला, शिक्षकांनाच शिकवणारी. तिचं नाव त्या यादीत नाही. देशाच्या आर्थिक राजधानीतली निदेशक घडवणारी संस्था यादीबाहेर राहते आणि त्यावर राज्यात साधी चर्चाही होत नाही, यातून आपला प्राधान्यक्रम कळतो.

यंत्रांवर खर्च करणं सोपं असतं, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं. निदेशकाच्या प्रशिक्षणाचं उद्घाटन होत नाही. चांगलं यंत्र आणि ते शिकवणारं कोणी नाही, अशी खोली म्हणजे वायरमनविना बसवलेला ट्रान्सफॉर्मर. हे टाळण्याचा मार्ग महाराष्ट्राला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत भारत-जर्मन सहकार्यातून इंडो-जर्मन टूल रूम उभी राहिली. तिथे दहावी झालेल्या मुलाला चार वर्षांत टूल अँड डाय मेकिंगची पदविका मिळते आणि तो खऱ्या ऑर्डरींवर काम करत शिकतो. मराठवाड्याच्या औद्योगिक पट्ट्याला तिने कुशल टूलमेकर दिले. डाय बनवणारे आणि वापरणारे गाळे दाटीवाटीने भरलेल्या साकीनाका-मरोळ पट्ट्यात तसं काही का असू नये, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

प्रशिक्षणाचा प्रश्न जिवाशीही जोडलेला आहे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवरच्या फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि १२ कामगार मृत्युमुखी पडले. जिथे काम तिथेच मुक्काम, अशी त्यांची स्थिती होती. त्या आगीची कारणं परवाने, बांधकाम आणि तपासणीशी निगडित होती, हे खरं. पण ज्या ठिकाणी शिकण्याचा करार नोंदलेला असतो तिथे जागेचीही नोंद होते, तिथे कोणीतरी तपासायला जातं, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे हे नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. प्रेसचं गार्ड काढलं की माल जास्त निघतो, हे ऑपरेटर पहिल्या महिन्यात शिकतो. ते काढल्याने बोटं जातात, हे शिकवणारं कोणी नसतं. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जून २०२३ मध्ये दर्जेदार शिकाऊ प्रशिक्षणाविषयी शिफारस क्रमांक २०८ स्वीकारली. लेखी करार, मोबदला, सुरक्षितता आणि सामाजिक संरक्षण हे तिचे आधार आहेत. व्यवसाय मार्गदर्शन आणि प्रशिक्षणाविषयीचा १९७५ चा करारनामा क्रमांक १४२ भारताने २००९ मध्ये मान्यही केला आहे. जगाच्या व्यासपीठावर दिलेला हा शब्द गाळ्याच्या शटरपर्यंत आणणं, हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि त्यांना उत्तर दिलंच पाहिजे. पहिला मालकांचा: पोराला शिकवलं की तो पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात जातो, मग मी खर्च का करू? हा आक्षेप खरा आहे. एकट्या मालकावर भार टाकला तर कोणीच शिकवणार नाही. म्हणूनच शिकवण्याचा खर्च सामाईक असायला हवा. सगळे गाळे मिळून शिकवतील तर मुलगा कोणत्याही गाळ्यात गेला तरी वस्तीचं नुकसान होत नाही. विश्व बँकेच्या साहाय्याने २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘स्ट्राइव्ह’ योजनेत लहान उद्योगांच्या समूहांनी एकत्र येऊन शिकाऊ घेण्याची तरतूद होती. म्हणजे रस्ता अगदीच अनोळखी नाही.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: इथले बरेच कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांच्या शिक्षणावर महाराष्ट्राने का खर्च करावा? कारण हे गाळे महाराष्ट्राचे आहेत. कुर्ला आणि मुलुंडच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मराठी मुलांना पहिलं काम द्यायचं सामर्थ्य याच गाळ्यांत आहे. ते घसरले तर त्या मुलांपुढे डिलिव्हरीची बॅग तेवढी उरते. शिवाय ज्याचं कसब या शहराच्या मालात उतरतं त्याला शिकवणं हे शहराचं कर्तव्यच आहे.

वेळ फार नाही. जागेचे भाव आणि पुनर्विकास यांमुळे गाळे वसई-भिवंडीकडे सरकत आहेत. उस्तादांची पिढी थकत चालली आहे आणि त्यांचं ज्ञान कुठेही लिहिलेलं नाही. एक उस्ताद गावी परतला की त्याच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांचा अभ्यासक्रम जातो. गाळा नव्या जागी उभारता येतो, उस्ताद तसा उभारता येत नाही.

म्हणून पुढच्या कोणत्याही परदेशी कराराकडे पाहताना काही मागण्या ठामपणे पुढे ठेवायला हव्यात. जितकी माणसं जाणार त्याच्या ठरावीक प्रमाणात त्या देशाने आपले निदेशक शिकवून परत पाठवावेत, आणि हे कराराच्या मजकुरात असावं, भाषणात नव्हे. साकीनाका-मरोळसाठी एक सामाईक प्रशिक्षण केंद्र असावं. नवी इमारत मिळेपर्यंत जवळच्या आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी त्यासाठी उघडाव्यात. ३० पेक्षा कमी माणसांच्या गाळ्यांना समूहाने शिकाऊ घेता यावेत आणि त्यांचं कागदोपत्री काम एका कार्यालयाने करावं. कामातून शिकलेल्यांना प्रमाणपत्र द्यायचं तर ते दोन तासांच्या तोंडी चाचणीवर न देता यंत्रावरच्या खऱ्या परीक्षेवर द्यावं. परीक्षकांच्या टेबलावर उस्तादांना बसवावं आणि त्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण द्यावं. अभ्यासक्रम मराठीत आणि हिंदीत असावा आणि त्याचा पहिला धडा सुरक्षिततेचा असावा.

यातल्या एकाही मागणीला अवाढव्य पैसा लागत नाही. स्टुटगार्टमध्ये माहिती आहे, चुनाभट्टीला संस्था आहे, चिकलठाण्यात अनुभव आहे आणि साकीनाक्यात उस्ताद आहेत. त्यांना जोडायचं काम सरकारचं आहे आणि ते आजवर झालेलं नाही. विमानात बसलेल्या तरुणांचा आकडा दरवर्षी जाहीर होईल. त्याबरोबर किती शिक्षक तयार झाले आणि किती गाळ्यांत नोंदणीकृत शिकाऊ आहेत, हे दोन आकडेही दरवर्षी विधिमंडळात मांडले जावेत. ते मांडले जात नाहीत तोवर या करारांना व्यवसाय शिक्षणाची सुधारणा म्हणू नये. कारण ज्या दिवशी परदेशाची गरज भागेल, त्या दिवशी आपल्याकडे शिकवण्याची व्यवस्थाही नसेल आणि शिकवणारे हातही नसतील.